रबरी रिंगेखाली

माझ्या सासऱ्यांना नाकावर बसलेली माशी चालत नाही. दुधाच्या कारखान्यात ते बाटल्या भरायचं मशीन चालवतात. तिथला रिवाज असा, की ज्याचं मशीन त्यानंच उघडायचं आणि त्यानंच घासायचं. दुसऱ्यानं नटाला पान्हा लावला की मशीनचा धनी बदलला असं समजतात. मी तिथलीच तपासनीस. धुतलेल्या मशीनवर कापसाचा बोळा फिरवायचा आणि त्यावर जंतू वाढतात का ते बघायचं, हे माझं काम. घरी ते माझ्या आमटीतल्या मिठाची खोड काढतात, कारखान्यात मी त्यांचं मशीन तपासते. फिट्टंफाट.

त्या आठवड्यात बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मशीनच्या नमुन्यात जंतू वाढले. पुन्हा धुतलं, पुन्हा वाढले. साहेबांनी जंतू मारायचं औषध कडक करायला सांगितलं आणि मी चिडले, कारण असले जंतू औषधाला भीक घालत नाहीत. एकमेकांना धरून, भोवती चिकट थर करून बसतात. औषध वरून वाहून जातं, आत सगळं कुटुंब सुखरूप. तो थर आधी साबण लावून ब्रशनं मोडावा लागतो, मगच औषध. बाबांना तर हे माझ्या जन्माआधीपासून ठाऊक. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

आणखी एकदा नमुना बिघडला तर मशीन दुसऱ्याला देणार, असं साहेबांनी बजावलं. बाबा नुसते "बरं" म्हणाले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या वेळी मी दाराआड उभी राहिले. हेरगिरीच ती, दुसरं काय. बाबांनी मशीन बाहेरून लख्ख केलं. दूध पडतं त्या प्रत्येक तोंडाशी जाड नटाखाली रबरी रिंग असते. त्यांनी पहिल्या नटाला पान्हा लावला, जोर केला आणि बोटं सुटली. पुन्हा लावला, पुन्हा सुटली. मग इकडेतिकडे बघून पान्हा खिशात टाकला आणि बंद नटांवरच औषधाचा फवारा मारला. भरपूर मारला बिचाऱ्यांनी.

माझा राग कुठल्या कुठे गेला. डब्यांची झाकणं गच्च लावते म्हणून ते हल्ली माझ्यावर खेकसायचे, मीही उलट बोलायची. त्यांचे सांधे गेले होते आणि मला वाटत होतं, स्वभाव गेलाय.

मी पुढे झाले. "बाबा, मी उघडू?"

"तू तुझा नमुना घे आणि जा."

बोळा रोजच्यासारखा आत रिंगेपर्यंत न नेता नुसता वरून फिरवला असता तर नमुना स्वच्छ आला असता. ते त्यांना कळत होतं आणि मलाही. मी बोळा हातात धरून उभी राहिले. माहेर सोडतानाही इतकं जड गेलं नव्हतं.

"वरून नाही घेणार, बाबा," मी म्हणाले. "लहान लहान पोरं पितात हे दूध."

 मग खिशातून पान्हा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. पलीकडे क्रेट धुणाऱ्या गड्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातून उघडत नाही. तूच उघड."

कारखान्यात मी त्यांची 'तपासनीसबाई'. तिथे त्यांनी मला सूनबाई कधीच म्हटलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि डोळे न पुसताच मी नट फिरवला. रिंगेखाली बुळबुळीत पिवळट थर होता. बाबांनी ब्रश उचलला. मूठ जेमतेम मिटत होती, तरी त्यांनी रिंग कडेकडेनं घासली, धुतली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली.

क्रेट धुणारा गडी हात पुसत जवळ आला. पान्ह्याला त्यानं हात लावला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "पुढचा नट मी सोडवू का?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सोडव," ते म्हणाले. "आटे खराब करू नकोस म्हणजे झालं."