कावळ्यापुढे कबूल केलेला हप्ता

दहाव्याला गाढी नदीच्या घाटावर बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. समोर तीन कावळे बसले होते, पण चौकशी समितीसारखे.

काशिरामकाकांनी हात जोडले. "दादा, वैनीला सांभाळू." कावळे ढिम्म. "जमीन इकनार नाय." ढिम्म. "तुजी बॅटरी माज्याकडं हाय, ती परत देतो." यावर एकाने काकांकडे नीट पाहून घेतलं, एवढंच.

दीड तास झाला. आईचं रडणंही थांबलं. "प्रणित, तुला काय आठवतंय का रं?"

मला एकच गोष्ट आठवत होती. बाबांच्या खात्यातून दर पाच तारखेला सातशे रुपये कापले जायचे. पासबुकात त्यापुढे एसीएच ही आपोआप कपातीची खूण, एक तुटकं इंग्रजी नाव आणि वीस अक्षरांचा नंबर. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. तिथल्या प्रत्येक किलोची गोष्ट ते घरी सांगायचे. ही कधी सांगितली नाही.

मी मोबाइलमधला पासबुकाचा फोटो उघडून अख्खा नंबर मोठ्याने वाचला. "बाबा, हे पैसे चालू ठेवतो."

कावळा शिवला.

आमच्या कोन गावाला परतताना काकांनी विचारलं, "कोनाला कबूल केलंस?"

"माहीत नाही."

"आनि एकादी बाई निगाली म्हंजे?"

"निगाली तर निगाली," आई म्हणाली. "शबूद दिलाय."

आईला घेऊन बँकेत मृत्यूचा दाखला दिला आणि खातं गोठलं. म्हणजे पाच तारखेला हप्ता परत जाणार, शब्द मोडणार. हातात सहा दिवस होते. काउंटरवरच्या विनिता मॅडम म्हणाल्या, "पासबुकातल्या नावावर जाऊ नका. ती नुसती वसुली करणारी कंपनी. चाळीस जणांसाठी पैसे ओढते. मॅन्डेटच्या, म्हणजे कपातीला दिलेल्या परवानगीच्या नंबरावरून खरं कोण ते विचारावं लागेल."

"बाई हाय का बाप्या?" आईने विचारलं.

"संस्था असते, मावशी."

"बाईची?"

मॅडमनी मान खाली घालून मेल लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. खांदा कॉलनीतली एक जिम.

आम्ही दोघं गेलो. जिमचा मालक अंकुश बाबांचं नाव ऐकून उभाच राहिला. "काका गेले? दोन वर्षं यायचे, रोज संध्याकाळी सहाला. हार्टच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ना."

हार्टचं आम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सहाला बाबा ओव्हरटाइमला असायचे.

आई ट्रेडमिलच्या काळ्या पट्ट्याकडे बघत होती. "गावात रस्तं नवतं काय चालाया?"

"गावात चाललो तर घरी कळेल, म्हणायचे."

आईने पिशवीतून स्वतःचं पासबुक काढलं. अंकुश म्हणाला, मेंबरशिप घरच्या माणसाच्या नावावर होते, फक्त मॅन्डेट नवा लागेल. फॉर्मवर वसुली कंपनीचा कोड आधीच छापलेला होता. आईचं नाव, खाते नंबर मी लिहिला. एक रकाना उरला.

"कपात कधीपर्यंत?" मी विचारलं.

अंकुशने फायलीतून बाबांचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. त्याच रकान्यात बाबांचं तिरपं अक्षर होतं. ३१ डिसेंबर २०४५. मी मनात बेरीज केली. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे असते.

आई त्या तारखेवरून बोट फिरवत राहिली.

"हीच टाक," ती म्हणाली.