ओळखणारी दोन माणसे

परभणीहून कोल्हापुरात येऊन मला चार महिने झाले होते. कॉलेजात शिकवायचे, खोलीवर परतायचे. वर्गातला तास संपला की माझा आवाजही संपे. दुसऱ्या दिवशीच्या तासापर्यंत त्याला काही काम नसे.

डिसेंबरात डब्लिनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे, नंदिनीचे, बाळंतपण होते. आई नाही, तेव्हा जायचे ते मीच. डिंक, खसखस, आळीव घेऊन ठेवले होते. लोकरीचे मोजेही बॅगेच्या तळाशी गेले होते. नव्हता तो फक्त पासपोर्ट. पोलीस ठाण्यातून फोन आला, "मॅडम, पडताळणीसाठी उद्या या. तुम्हाला ओळखणारी आसपासची दोन माणसं आणा सोबत."

घरमालक गुरुप्रसाद यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता होकार दिला. दुसरे माणूस कोण? त्या संध्याकाळी गल्लीतल्या दारांकडे मी प्रथमच नीट पाहिले. प्रत्येक उंबऱ्याशी चपला होत्या, आणि त्यांतल्या एकाही जोडाचे माणूस मला ठाऊक नव्हते.

सकाळी गंगावेशीत दुधाला गेले. कोपऱ्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून देणाऱ्या एका बाईंकडून मी रोज अर्धा लिटर घेत असे. भांडे पुढे करताना तोंडून निघून गेले, "ठाण्यात याल माझ्यासोबत? मला ओळखता, एवढंच सांगायचं."

धार थांबली नाही. "चोरी केलीस व्हय?"

"नाही. परदेशात जायचंय. बहीण बाळंत व्हायची आहे."

"मग तसं सांग की. एवढ्या धारा आटपतो नि येतो."

ठाण्यात गुरुप्रसादांची सही लगेच झाली. मग हवालदारांनी बाईंना विचारले, "ह्यांना वळखता?"

"न वळखायला काय झालं? रोज सहाला येती. बोलत न्हाय, हसत न्हाय, दूध घेती नि जाती. गेल्या म्हैन्यात तीन दीस आली न्हाय. आली तवा तोंड उतरलेलं, ताप आलता. आठवडाभर मापावर वाढीव घातलं मी. हिला पत्ता न्हाय."

खरोखरच मला पत्ता नव्हता.

"नाव काय ह्यांचं?"

बाईंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "नाव काय कवा इचारलं न्हाय, सायेब."

हवालदार माझ्याकडे वळले. "आन् तुम्ही सांगा, ह्यांचं नाव काय?"

मीही ते कधी विचारले नव्हते. गुरुप्रसाद उगाच खोकले.

"जावा भाईर दोघी," हवालदार म्हणाले. "चहा प्या, नावं इचारा, मग या."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. "भैरवी," मी म्हणाले. हजेरीपटाबाहेर या शहरात ते नाव प्रथमच उच्चारले जात होते, आणि माझ्याच कानांना ते जरा परके वाटले.

"मी तानाबाई." त्यांनी बशीतला चहा संपवला. "भैरवी. बरं हाय."

आत जाऊन त्यांनी एकेक अक्षर दाबत सही केली. 'ओळख किती काळाची' यापुढे हवालदारांनी 'चार महिने' लिहिले. तानाबाई लगेच निघाल्या. म्हैस उन्हात होती.

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत गर्दी होती. मी नेहमीसारखी कडेला उभी राहिले.

"भैरवे, फुडं सर. लोकं घुसतील मधी."

चार माणसांनी वळून पाहिले. मी भांडे घेऊन पुढे झाले. या गावात मागे ठेवून जावे असे काही नाही, असे आदल्याच आठवड्यात मी नंदिनीला फोनवर सांगितले होते.