खंडेनवमीनंतरची सकाळ

दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या सकाळी नलिनीने कंप्युटरचं बटण पुन्हा दाबलं. पंख्याची घरघर नाही, पडद्यावर हिरवा ठिपका नाही. स्टॅबिलायझरचा प्लग भिंतीतून काढून त्याच जागी तिने टेबल-लॅम्प लावून पाहिला. लॅम्प लागला. प्लग परत लावला, तर स्टॅबिलायझरचा काटाही जागेवर होता. म्हणजे बिघाड कंप्युटरमध्येच असणार. तिने मागची वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. 

सत्त्याऐंशी साली देवासच्या त्या कारखान्यात हा एकच कंप्युटर होता. दुपारी मुंबईचे साहेब तो पाहायला येणार होते. ठेवायचा की परत न्यायचा, हे तेच ठरवणार. आणि तो गेला तर तो चालवणाऱ्या नलिनीची हंगामी नोकरीही जाणार.

मॅनेजर उमाशंकरजी दारात आले. इंदूरचा इंजिनियर उद्याशिवाय येऊ शकत नव्हता.

“नलिनीजी, उन लोगों को बंद डिब्बा दिखाऊँ क्या?”

“बघतेय, सर.”

ते गेल्यावर शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट कमल खाली वाकून म्हणाली, “पूजेत पाणीबिणी गेलं नसेल ना गं? नवमीला उदाजीराव काकांनी ह्यालाही हळदकुंकू लावलं.”

नलिनी त्या दिवशी नव्हती. घरी नवरात्राचा कुळाचार होता आणि सासूबाईंनी रजा घ्यायला लावली होती. आता तिला दिसलं, कंप्युटरच्या माथ्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं आणि मागच्या जाळीत झेंडूची पाकळी अडकली होती. केसांतली पिन काढून तिने ती पाकळी ओढली. 

उदाजीराव कारखान्याचे फोरमन. त्यांचे आजोबा देवास दरबारच्या शस्त्रागारात होते. तिथे खंडेनवमीला तलवारी पूजत, तशी उदाजीराव यंत्रं पूजत. नलिनी तडक यंत्रांच्या शॉपमध्ये गेली. लेथ सुरू झाले होते. उदाजीराव स्टुलावर बसले होते आणि समोरच्या पितळी थाळीत, सुकलेल्या फुलांमध्ये, एकच फ्यूज उरला होता.

“काका, आमच्या कंप्युटरवर पाणी शिंपडलंत का?”

“विजेच्या वस्तूवर पाणी? खुळा आहे का मी?” त्यांनी थाळी तिच्याकडे सरकवली. “बाकीचे भोंग्याआधीच घेऊन गेले. तुलाच उशीर.”

तिला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. पूजा झाली की प्रत्येक यंत्राचा फ्यूज काढून थाळीत ठेवायचा, म्हणजे दसरा उलटेपर्यंत कोणी चुकूनही ते चालवू नये. मग यंत्र चालवणाऱ्याने स्वतः यायचं, नमस्कार करायचा, आपला फ्यूज उचलायचा. दुसऱ्याने नेऊन द्यायचा नाही. कंप्युटरचा त्यांनी स्टॅबिलायझरमधून काढला होता.

लेथवरचा कारागीर हसला. “अरे भिया, ऑफिसवालों को ये सब कौन बताता है!”

“मला खरंच कोणी सांगितलं नाही, काका.”

“सांगायचं काय त्यात? यंत्र तुझं ना?”

 ऑफिसात कंप्युटरला कोणी कंपनीचा म्हणत, कोणी साहेबांचा; नलिनीचा कोणीच म्हटलं नव्हतं. तिने पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि फ्यूज मुठीत घेतला.

स्टॅबिलायझरच्या मागची टोपी फिरवली, तर आतली जागा रिकामी. फ्यूज बसवला, बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत गेली.

आवाज ऐकून उमाशंकरजी आले. आधी त्यांनी सुस्कारा सोडला. मग काय झालं होतं, ते विचारलं.

“स्टॅबिलायझरमध्ये फ्यूज नव्हता, सर.”

“किसने निकाला? उस दिन पूजावाले यहाँ घुसे थे ना? नाम बताइए। आज ही काम से निकालने की चिट्ठी देता हूँ उसको।”

टाइपरायटरचा आवाज थांबला. कमल नलिनीकडे बघत होती.

“मीच काढला होता, सर. परत लावायला विसरले.”

उमाशंकरजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिला कायम करण्याची शिफारस ते आज मुंबईच्या साहेबांपुढे ठेवणार होते.

“ठीक है. आपका मामला दिवाली के बाद देखेंगे,” ते म्हणाले आणि निघून गेले.

“अगं, नवमीला तू इथे नव्हतीसच,” कमल हलक्या आवाजात म्हणाली.

“तेच चुकलं. यंत्र माझं ना,” नलिनी म्हणाली, आणि साहेबांना दाखवायचं पगारपत्रक पडद्यावर आणू लागली.