सातवी तबली

सुनेत्राने चमचा पुन्हा त्यांच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच राहिले. पेज हनुवटीवरून ओघळून गळ्याभोवतीच्या टॉवेलवर उतरली. तिने ती पुसली आणि चमचा परत भरला.

"अहो, एकच. या एकानंतर मी नाही म्हणणार."

दिनानाथ खिडकीकडे पाहत होते. खिडकीत पाहण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या इमारतीची शेवाळलेली भिंत आणि तिच्यावरून उतरलेला पाइप. चार महिने ते त्या पाइपाकडे बघत होते.

"बाय, ठेवा आता," कौसाबाई दारातून म्हणाली. "जबरदस्तीनं घास पोटात जात नाय."

कौसाबाई जांभूळ गावाहून रोज सकाळी शेअर रिक्षाने येई. दिनानाथांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, खुर्चीत बसवायचं, हे तिच्याकडे. झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्याबरोबर बोलणंही. समजत सगळं होतं, असं डॉक्टर म्हणत. पहिले तीन महिने ते निदान खात होते. मग एके दिवशी अर्ध्या पोळीवर त्यांनी तोंड मिटलं, ते हळूहळू मिटतच गेलं. गेले नऊ दिवस दिवसाला अर्धा पेला ताक, तेही तोंडात ओतलं म्हणून.

काल संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले होते.

"गिळायला काही अडचण नाही काकांना. ते गिळत नाहीत," चपला घालता घालता ते म्हणाले होते. "सोमवारी सकाळी नाकातून नळी घालू. आणि काकी, डावा हात पलंगाला बांधून ठेवावा लागेल. नाहीतर पेशंट नळी ओढून काढतात."

लेकीचा, राजसीचा, बंगळुरूहून फोन आला तेव्हा सुनेत्राने तिला नळीचं सांगितलं, हाताचं सांगितलं नाही.

"आई, तू हो म्हण. इमोशनल होऊ नकोस," राजसी म्हणाली. सुनेत्रा हो म्हणाली होती.

आज शनिवार होता. तिने वाटी स्टुलावर ठेवली आणि त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर उताणा पडला होता. बोटांवरचे जुने घट्टे मऊ पडून त्यांची सालं निघत होती.

या हातांनी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढली होती. केसाच्या जाडीइतकी चूकही दिनानाथांना सहन होत नसे. घरातल्या भिंतीवरची फ्रेमसुद्धा ते लेव्हल लावून बघत. निवृत्त झाले त्या आठवड्यात ते म्हणाले, "तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या तानपुऱ्यावर गायलीस. आता मी तुला करून देतो." सुनेत्राला वाटलं, बोलतायत. पण ते खरंच मिरजेला गेले, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली दोन महिने बसले आणि दोन मोठे भोपळे बसमध्ये मांडीवर घेऊन परत आले. मागची गॅलरी काचा लावून बंद केली. तिथे लाकडाचं जाड टेबल आलं, पटाश्या आल्या, रंधे आले, सरस उकळायची किटली आली. घरभर सरसाचा वास, आणि पोह्यांतसुद्धा लाकडाचा भुसा.

अकरा वर्षांत सहा तानपुरे झाले. दिसायला असे की पाहुणे हात लावायला बिचकत. भोपळा आणि दांडीचा जोड नखाला लागायचा नाही. पण भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडी फळी बसते, जिला तबली म्हणतात, ती दिनानाथांच्या हातून जाडच राहायची. तारांचा आवाज तबलीतून उठतो. जाड तबलीतून तो रजईखालून कोणी बोलावं तसा येतो. आणि फार तासली तर तारांच्या ताणाखाली ती बसते, सगळं वाद्य जातं. दिनानाथ त्या भीतीने नेहमी अलीकडेच थांबत.

पहिला तानपुरा त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला तेव्हा तिने चारही तारा छेडल्या. आणि म्हणाली, "छान झालाय."

सहाही वेळा ती तेच म्हणाली. आणि सकाळी गॅलरीत रंध्याचा आवाज सुरू झाला की ती आतल्या खोलीचं दार लोटून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा अगदी लहान आवाजात लावून रियाज करायची.

झटक्यानंतर तिने डबाही लावला नव्हता.

त्यांना जागं करायला तिने काय काय करून पाहिलं होतं. मागच्या आठवड्यात तर जवळच्या कॅम्प पाचहून फर्निचरवाल्या राजूला बोलावलं. हाच राजू दिनानाथांना जुन्या दारा-खिडक्यांतलं, तबलीला लागणारं तुनाचं लाकूड शोधून आणून द्यायचा. तिने मुद्दाम दिनानाथांची खुर्ची गॅलरीच्या दारात ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "राजू, हे टेबल घेऊन जा. हत्यारं पण ने. आता इथे कोण वापरणार?"

राजूने मापाची टेप लावली, टेबल एका बाजूने उचलून पाहिलं आणि दिनानाथांसमोर येऊन वाकला.

"अंकल, ले जाऊ क्या? चलेगा ना?"

दिनानाथ त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. राजूने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"काकी, मी बाद में येतो. माणूस समोर बसलाय आणि त्याचं टेबल उचलायचं, ये अच्छा नहीं लगता," असं म्हणून तो चहा न घेताच गेला.

आता सुनेत्रा उठली. तिने खुर्चीचे ब्रेक सोडले.

"कुठं नेता त्यांना?" कौसाबाईने विचारलं.

"मागे. तू आत येऊ नकोस. मी हाक मारेपर्यंत नको येऊस."

गॅलरीत चार महिन्यांची धूळ होती. तिने खुर्ची टेबलाला भिडवली आणि दार लावून घेतलं. टेबलावर जुन्या धोतराच्या फडक्याखाली सातवी तबली होती. बाहेरून गोलाई पूर्ण झालेली, घासून गुळगुळीत केलेली. आतून अजून तासायची होती. सुनेत्राने ती उपडी केली, भिंतीवरची गोल पटाशी काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"मी ही तासणार आहे," ती म्हणाली. "मला काही येत नाही. मी वाटोळं करणार हिचं. तुम्हाला नको असेल तर सांगा. मान हलवा. हात उचला. काहीही करा."

दिनानाथांनी तबलीकडे पाहिलं. मग काचेकडे.

तिने पटाशी लाकडाला लावली. पटाशी घसरली, एक ओरखडा उठला. त्यांचं बोटसुद्धा हललं नाही. तिला रडू येईना, रागही येईना. आता आपल्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच तिला स्वच्छ कळलं. आणि तरीही हात रिकामा राहू नये म्हणून तिने टेबलाचा खण ओढला. किती जाडी ठेवायची ते त्यांनी कुठेतरी लिहिलं असणार. टूलरूमची सवय.

खणात निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिने ती आजवर उघडली नव्हती. त्यांच्या कामाच्या कागदांना ती कधी हात लावत नसे. आत छापल्यासारखं अक्षर.

'क्र. १. जाडी ५.८ मिमी. जोड उत्तम. आवाज बद्द. सु. छान म्हणाली.'

सुनेत्राने ती ओळ दोनदा वाचली. मग पान उलटलं.

'क्र. ४. जाडी ५.६. बद्द. मिरजेला फोन केला. ते म्हणतात, कान सांगेल तिथे थांबा. मला कान नाही. सु.ला आहे. तिला विचारायला हवं. विचारलं नाही.'

'क्र. ६. जाडी ५.५. बद्द. सु. दार लावून डब्यावर गाते. मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज लहान ठेवते. सातव्याला धीर करायचा.'

त्याखाली 'क्र. ७' एवढंच. समोर तारीख होती, झटक्याच्या आदल्या दिवसाची.

तिने वही मिटली. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. किक बसत होती, इंजिन धरत नव्हतं.

"माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

दिनानाथ आता तिच्याकडे पाहत होते.

"अकरा वर्षं माहीत होतं. आणि मी रोज दार लावून... अहो, एकदा विचारायचंत. एकदा दार ढकलून आत यायचंत." तिने वही टेबलावर आपटली. "मी खोटं बोलले हो. एकही बोलला नाही तुमचा तानपुरा. सहातला एकही नाही! पण तुम्ही का गप्प बसलात? तेव्हा बोलता येत होतं ना?"

तिने पटाशी उचलली. छातीचा भार देऊन तिने ती लाकडात रेटली. बोटभर लांब साल निघाली आणि त्यांच्या मांडीवर पडली. दुसरी निघाली. तिसरी. ती त्यांना दाखवण्यासाठी तासत नव्हती. तिला कोणालाच काही दाखवायचं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरला, तळहाताला फोड येऊन फुटला, पदर खांद्यावरून घसरला, तो तिने कमरेला खोचला. मधेच जुन्या सवयीने तिने तबली उचलून बोटाच्या पेराने ठोकली. बद्द. परत तासली. परत ठोकली. किती वेळ असं चाललं होतं तिला कळलं नाही.

आणि एकदा ठोकल्यावर आवाज आला.

लहानसाच होता. पण तो ठोकल्या जागी संपला नाही. लाकडातून कडेपर्यंत गेला, तिथून फिरून आला आणि हवेत क्षणभर राहिला. गाण्यात पन्नास वर्षं काढलेल्या तिच्या कानाला तो न कळणं शक्यच नव्हतं. इथे थांबायचं होतं. तिला कळलं, पण अंगात भरलेला राग तिच्या कानापेक्षा पुढे होता. तिने पटाशी आणखी एकदा रेटली. कट्कन आवाज झाला आणि पटाशीचं टोक पलीकडे निघालं.

तबलीला रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्यातून टेबलावरचा भुसा दिसत होता.

सुनेत्रा जमिनीवर बसली. टेबलाच्या पायाला पाठ टेकवून ती रडायला लागली. आवाज करून, तोंड उघडं टाकून, एखाद्या खेड्यातल्या बाईने दारात बसून रडावं तशी. "गेली," ती म्हणत होती, "गेली हो, मी घालवली. आली होती, आणि मी घालवली." सोमवारी हा हात बांधायचा, हेही ती त्याच रडण्यात बोलून गेली. तिने ते त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

डोक्याच्या वर, टेबलावर काहीतरी खरखरलं. तिने वर पाहिलं. दिनानाथ अंगाचा सगळा भार डाव्या कुशीवर टाकून टेबलाकडे वाकले होते. तबली त्यांनी कडेला ओढली होती. डावा हात उघड्या खणात चाचपडत होता. त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर बाहेर काढला. डाव्या हाताने तो उघडेना. त्यांनी तो तोंडाशी नेला आणि दातांनी त्याचा जबडा सरकवला. जे ओठ नऊ दिवस मिटलेले होते त्यांच्यातून लाळ गळत होती. मग तो भोकाच्या कडेला, जिथे लाकूड शाबूत होतं तिथे, त्यांनी लावायचा प्रयत्न केला. घसरला. परत लावला. घसरला.

सुनेत्रा गुडघ्यांवर उठली. तिने तबली दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिसऱ्या वेळी जबडा कडेला बसला.

दिनानाथांनी आकडा पाहिला. मग व्हर्नियर तिच्यापुढे केला. चष्मा आत राहिला होता. तिला डोळे बारीक करावे लागले.

"तीन... तीन पॉइंट आठ?"

हो म्हणावं तसे त्यांनी डोळे मिटून उघडले.

"पण आवाज याच्या आधी आला होता. मी पुढे गेले. चारच्या थोडं वर असेल. चार, चार पॉइंट एक." ती नाक ओढत बोलत होती. "मला कळलं होतं. मी थांबले नाही."

दार वाजलं. कौसाबाईने हाकेची वाट पाहिली नव्हती.

"बाय? रडता कशाला? काय झालं सायबांना?" ती आत आली आणि थबकली. जमिनीवर, खुर्चीत, सुनेत्राच्या केसांत, सगळीकडे लाकडाच्या साली. तिच्या हातात पेजेची वाटी होती. "परत गरम केली. म्हटलं बघू," ती हळूच म्हणाली.

सुनेत्राने वाटी घेतली. हाताला फोडाचं पाणी लागलं होतं, ते साडीला पुसून तिने चमचा भरला आणि पुढे धरला. दिनानाथांनी एक चमचा घेतला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसऱ्याला त्यांनी तोंड बाजूला केलं. दोन चमच्यांनी नळी टळत नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

सुनेत्राने वाटी भुशात ठेवली. भिंतीला लोखंडी फळ्यांचा रॅक होता. त्यावर राजूने आणून दिलेल्या तुनाच्या फळ्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"कौसाबाई, इकडे ये. एक टोक धर."

"कशाला पण?"

"धर तू."

दोघींनी सगळ्यात वरची फळी अर्धी ओढली होती, तेवढ्यात मागून आवाज आला. शब्द नव्हता, घशातून आलेला एक रागीट हुंकार होता, टूलरूममध्ये चुकीचा पार्ट उचलणाऱ्याला ऐकू येत असेल तसा. सुनेत्रा वळली. दिनानाथ मान हलवत होते. नाही. डावा हात वर होता आणि त्याचं एक बोट खाली दाखवत होतं.

"ही नको?"

त्यांनी परत मान हलवली. बोट खालीच होतं.

"हिच्या खालची म्हणतायत," सुनेत्रा कौसाबाईला म्हणाली. "ठेव ही परत. सावकाश."