नावाडी, सायकल आणि माझ्या पोटातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. गाणी वाजवण्यात माझा जन्म गेला, तरी चांगलं गाणं कोणतं हे मला आजवर कळलेलं नाही. फीत माझ्या हेडवरून घासत जाते तेव्हा मला नुसत्या गुदगुल्या होतात. रडक्या गाण्यालाही होतात आणि नाचऱ्या गाण्यालाही. म्हणून माणसं गाण्यांवरून भांडायला लागली की मी सगळं लक्ष तिकडे लावतो. म्हटलं, कधीतरी उलगडा होईल.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं चिमट्यानं माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीनं त्या डाख देऊन जोडल्या, तिसरीनं एक गाणं वाजवून पाहिलं आणि पुरतं न ऐकताच मला खोक्यात घातलं. पहिल्या घरात माझ्यावर विणलेला रुमाल असायचा. पाहुणे आले की रुमाल निघायचा आणि माझं कौतुक व्हायचं. मग त्या घरात माझ्यापेक्षा चपळ काहीतरी आलं आणि मी रुमालासकट माळ्यावर गेलो. तिथून जुन्या बाजारात, तिथून एका शिंप्याच्या दुकानात. रुमाल मात्र वाटेत कुणीतरी ठेवून घेतला.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान अरुंद होतं. पुढे कापायचं टेबल, मागे दोन शिलाई मशिनं, खुंटीवर अजून बाह्या न लागलेले शर्ट. मला दोऱ्याच्या रिळांशेजारी फळीवर जागा मिळाली. मास्तरांच्या समोर त्यांच्या वहिनी काजं-बटणं करत बसत. वहिनींचे यजमान, म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ, एका गोदामात कामाला होते. ते वारले, तरी वहिनी दुकानात येतच राहिल्या.

दोघा दीर-भावजयांचं एका बाबतीत एकमत होतं. खरी गाणी त्यांच्या तरुणपणी झाली, पुढे झाला तो सगळा गोंगाट. पण त्या खऱ्यांतलं सर्वांत चांगलं कोणतं, यावरून रोज खटका उडायचा. मास्तरांचं सायकलचं गाणं, वहिनींचं नावाड्याचं. दोन्ही एकाच कॅसेटवर होती, त्यामुळे कुणालाच पळवाट नव्हती.

“भाऊजी, ही सायकल आहे की हातगाडी?” वहिनी दातानं दोरा तोडत म्हणायच्या. “आधी पंक्चर काढून घ्या.”

“तरुणपणी भन्नाट पळायचं हो हे. वय झालं की सगळंच हळू वाटतं बहुतेक. पण तुमचा नावाडी तरी कुठे पोहोचतोय? अर्धं गाणं संपलं, अजून काठ सोडला नाही त्यानं.”

“सोडवत नाही म्हणून तर गाणं आहे ते.”

मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकंही हात पसरून उभ्या उभ्या मत देऊन जात. गंमत म्हणजे गाण्याबद्दल कुणी बोलायचंच नाही. पोस्टमन म्हणाला, नावाडीच श्रेष्ठ, कारण तो लागला तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा सूट घातला होता. एक शिक्षिकाबाई म्हणाल्या, सायकलच, तेव्हा माझा भाऊ माझ्याशी बोलत होता. मी पार गोंधळून जायचो. गाणं फितीत असतं, माझ्यात असतं, की या लोकांत?

एके दुपारी नावाड्याच्या मधोमध माझ्या पोटात काहीतरी तटकन तुटलं आणि मी गप्प झालो. गल्लीतल्या मेकॅनिकनं मला उघडलं.

“मास्तर, हा रबरी पट्टा केव्हाचा सैल पडलेला. तुम्ही याला आणलंत तेव्हाच सैल असणार. म्हणजे इतकी वर्षं सगळी गाणी संथ गतीनंच ऐकलीत की तुम्ही.”

मला तरी काय ठाऊक? स्वतःच्या पोटातलं कुणाला दिसतं?

नवा पट्टा बसला. दुकानात आल्या आल्या मास्तरांनी सायकल लावली, आणि ती खरंच सुसाट सुटली. “बघा वहिनी, माझं वय झालं नव्हतं,” मास्तर पायानं ठेका धरत म्हणाले. मग नावाडी लागला. त्यालाही जणू शेवटची खेप गाठायची होती. मास्तर हसणार होते, पण वहिनींची सुई थांबलेली पाहून थांबले.

“हे अशीच शीळ घालायचे,” वहिनी म्हणाल्या. “गोदामातून येताना. यांनी ते थेटरात ऐकलेलं, मी इथे दुकानात. मी म्हणायची, अहो, चाल चुकतेय तुमची, गाणं मला पाठ आहे. शेवटी शेवटी मी समोर असले की घालायचेच नाहीत.”

त्यांनी उठून मला बंद केलं.

त्यानंतर दुकानात नुसती मशिनं वाजत राहिली. “नावाडी लावू?” मास्तर विचारायचे. “नको.” “बरं, माझ्या सायकलला तरी नावं ठेवा.” वहिनी बटण लावत राहायच्या. जिंकलेला माणूस इतका हिरमुसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी मास्तरांनी मला काखेत मारलं आणि पुन्हा मेकॅनिककडे नेलं.

“जुना पट्टा परत बसव.”

“तो तुटला, टाकून दिला. आणि मास्तर, लोक बिघडलेलं नीट करायला आणतात. नीट झालेलं बिघडवायला तुम्ही पहिलेच.”

“बिघडव कोण म्हणतंय? वहिनींचं गाणं गेलंय, ते दे.”

मेकॅनिकनं डोकं खाजवलं. मग त्यानं मास्तरांना माझ्या मोटरमधला एक बारीक स्क्रू दाखवला. एकीकडे फिरवला की गाणं हळू, दुसरीकडे फिरवला की भरभर. बाहेरूनच तिथवर पोहोचता यावं म्हणून त्यानं माझ्या पाठीला एक भोक पाडलं. पाडताना मला काय वाटलं ते जाऊ द्या.

दुकानात येऊन मास्तरांनी नावाडी लावला आणि भोकात स्क्रू ड्रायव्हर घातला. “एवढं?” “अजून हळू.” “आता?” वहिनींनी मान हलवली. नावाडी पुन्हा काठाशीच रेंगाळू लागला. गाणं संपेपर्यंत वहिनी तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, “आता यांच्या चालीनं लावा.”

मास्तरांनी स्क्रू उलटा फिरवला. नावाडी निघाला झपाट्यानं. वहिनींनी ओठांचा चंबू केला. शीळ काही जमली नाही, नुसती हवा निघाली, पण ती अगदी गाण्याबरोबर निघाली.

“मग ठरलं का?” मास्तरांनी भीत भीत विचारलं. “हळू चांगलं की भरभर?”

“तुमच्या सायकलपेक्षा दोन्ही बरी.”

मास्तरांना इतका आनंद झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याचं हेड पुसत जा, पट्टा वेळेवर बदला. फक्त दुरुस्तीला नेण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, की त्यातलं काय काय त्यांना हवंय, अगदी बिघाडासकट. आणि तुमच्या लाडक्या गाण्याची चाल कुणी चुकवत असेल तर लगेच टोकू नका. त्यानं ते कुठे ऐकलं, हे आधी विचारा. आणि विचाराल तेव्हा जरा मोठ्यानं विचारा, म्हणजे त्याचं उत्तर फळीवरच्या आम्हालाही कळेल.