सहा बाटल्या पाणी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच कबूल करतो. प्लंबरचं काम. चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या माणसाला 'कॉक बंद कर' म्हणून ओरडण्यात घसा तयार झाला. बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही कानात सांगितलेलं गल्लीभर ऐकू जातं.

त्या रविवारी दुपारी एका ऑफिसात सिंकखाली डोकं घालून बसलो होतो, तेव्हा फोन आला की लेकीला हॉस्पिटलमध्ये आणलंय. हातातला पाना हातातच ठेवून निघालो. कॅज्युअल्टीच्या दारात एका सिस्टरनं अडवलं. पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला, अंगानं काडी. पाना बाहेर ठेवा, मग आत या, म्हणाली. मी मुकाट्यानं ठेवला. माझं हे रूप ओळखीच्या कोणी पाहिलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं.

लेक कॉटवर होती. डोळे उघडे, पण मला ओळखेना. काहीतरी बरळत होती, आणि मी पोहोचल्यावर पाचच मिनिटांत तिला आकडी आली. आयुष्यात मी एवढा घाबरलो नव्हतो. कोपऱ्यात तिची मैत्रीण उभी होती. मी तिला चिमणी म्हणतो. वीतभर पोर, केस निळे केलेले, मला कधीच न आवडलेली. दोघी कोणाच्या तरी गच्चीवर पार्टीला गेल्या होत्या. बाकीची दहा-बारा टाळकी अँब्युलन्सचा आवाज ऐकताच पसार झाली. आणि मी शहाणा, जी थांबली तिच्याच अंगावर धावून गेलो. काय दिलंस माझ्या पोरीला, तंगडं मोडून हातात देईन, तोंडाला येईल ते बोललो. डॉक्टर तिला विचारत होते, काय घेतलं होतं? ती पांढरीफटक पडून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, काही नाही, नुसतं सरबत.

सिस्टरनं माझा दंड धरला. "तुम्ही इथे आहात तोवर ही खरं बोलणार नाही. आणि ही खरं बोलली नाही, तर तुमची मुलगी जाईल. बाहेर व्हा."

झालो बाहेर. पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. सिस्टर तिला म्हणाली, इथे पोलीस नाहीत, आईबाप नाहीत, आणि मला रागवायला वेळ नाही. मग चिमणीनं सांगून टाकलं. कोणीतरी एक्स्टसीच्या गोळ्या वाटत होतं, नाचायच्या आधी दोघींनी एकेक घेतली. डॉक्टरांना वाटलं, उन्हात नाचून अंगातलं पाणी आटलं असणार. ते सलाईन जोरात सोडायला सांगत होते, तेवढ्यात सिस्टरनं विचारलं, "आणि पाणी किती प्यायली?"

हा काय प्रश्न झाला, असं माझ्या मनात आलं. उभा जन्म लोकांच्या घरी पाणी पोहोचवण्यात गेला, पाण्यानं कोणाचं वाईट झाल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

चिमणी रडत म्हणाली, सहा बाटल्या, लिटरच्या. गोळी घेतली की अंग तापतं, पाणी पीत राहायचं, असं सगळेच सांगत होते. ती भ्रमिष्टासारखं करायला लागली तेव्हा सगळ्यांनी आणखी पाजलं.

डॉक्टर थबकले. भला माणूस, लगेच सलाईन थांबवलं, रक्त तपासायला पाठवलं. नंतर त्यांनीच मला समजावलं. त्या गोळीनं शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी होत नाही. वरून पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. तिचं मीठ भलतंच खाली आलं होतं. मग साधं पाणी थेंबभरही नाही, फक्त मिठाचं जड सलाईन, तेही थोडं थोडं, मोजून. सिस्टरला मी विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? म्हणाली, काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, त्याच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. एवढं बोलून ती दुसऱ्या कॉटकडे गेली. अशी बाई! हात जोडावेत, तर जोडून घ्यायला थांबत नाही.

संध्याकाळी चिमणी स्वतःहून माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. मी जमेल तेवढं हळू विचारलं, अँब्युलन्स बोलवायला इतका वेळ का लागला.

"काका, तिला बरं वाटेना तेव्हाच मी फोन काढला होता. तिनंच हिसकावून घेतला. म्हणाली, मेले तरी चालेल, पण बाबांना कळता कामा नये. शेवटी मी तिचं ऐकलं नाही. पण तोवर पाऊण तास गेला होता."

लेकीवर मी कधी हात उचललेला नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, नुसत्या ओरडण्यानं काय होतंय.

आणि हे चिमणीनं माझ्या तोंडावर सांगितलं. ज्यानं तंगडं मोडायची भाषा केली, त्याच्या शेजारी बसून. माझ्या हाताखालची बाप्ये माणसं फुटलेला पाइप माझ्यापासून लपवतात. या वीतभर पोरीच्या छातीत केवढी हिंमत होती, आणि मी इतकी वर्षं तिचे केसच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शुद्धीवर आली. सिस्टरनं दारातून सांगितलं की आत एकालाच सोडते, जवळचं कोण आहे? मी उठलो, दोन पावलं टाकली आणि थांबलो. चिमणीला म्हटलं, आधी तू जा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"जा," मी म्हणालो. "तुला बघून ती घाबरणार नाही."