घंटा वाजली की उठायचं

भिलाईतल्या रिसालीच्या मोनाची नोकरी त्या दिवशी एका बटणावर येऊन टे—

टण्ण.

हात वर. तीन श्वास. कुकर. पंखा. शेजारी कुणीतरी स्कूटर धुतंय.

—टेकली होती.

मोना घरी बसून इंदूरच्या एका कंपनीचं काम करायची. शाळांच्या बसची वेळापत्रकं पालकांच्या मोबाइलवर पाठवायची. एक डोळा कामावर, दुसरा व्हॉट्सॲपवर, कान कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात. त्यामुळे मागच्या महिन्यात एका शाळेच्या समस्त पालकांना निरोप गेला, 'बस क्रमांक चार: मेथी, अद्रक, आणि दही विसरू नको.' साहेब, म्हणजे हेमराज नाखले, थंड आवाजात हिंदीतून म्हणाले, की घरी बसणाऱ्यांचं लक्षच नसतं. आणखी एक चूक झाली, तर बाडबिस्तरा घेऊन इंदूरच्या ऑफिसात यायचं.

नवऱ्याची नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, भट्टीवर. भट्टी काही इंदूरला नेता येत नाही.

म्हणून मोनानं ध्यानाचं ॲप घेतलं. त्यात जपानी मठातली घंटा. तिच्या मनाला येईल तेव्हा ती वाजते. वाजली, की हातातलं सोडायचं, तीन श्वास घ्यायचे, आपण आहोत तिथेच आहोत ना, हे बघायचं. लॅपटॉपचा आवाज पुरेना, म्हणून मोनानं ती मोठ्या स्पीकरला जोडली.

इथं घोळ झाला.

सासूबाई सिंधुताई मूळच्या वर्धेकडच्या. घंटा वाजतेय आणि माणूस बसून आहे, हे त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या पदराला हात पुसत आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मोनाच्या तोंडात खडीसाखर कोंबून गेल्या. मोनानं समजावलं, की हा देव नाही, सॉफ्टवेअर आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग त्याला नैवेद्य काय लागतो.

तर, आज अकरा वाजता बऱ्याच शाळांचं नवं वेळापत्रक सुरू करायचं होतं. साहेब पडद्यावर हजर. इस्त्रीचा शर्ट, मागे कंपनीचा निळा बॅनर. मोनाचं बोट बट—

टण्ण.

हात वर.

आणि पडद्यावर साहेब उभे. हात जोडलेले, डोळे मिटलेले. लहानपणी लागलेली सवय, ती हुद्दा विचारत नाही. शर्टाखाली चौकड्यांची बर्म्युडा होती. खुर्ची मागे सरकली, बॅनरला लागली, बॅनर आडवा.

एक श्वास. बॅनरच्या मागे फ्रिज.

दुसरा. फ्रिजवर कांद्याची टोपली, बाजूला कॅलेंडर.

तिसरा. एरवी एवढ्या वेळात मोनानं दोन मेसेज वाचले असते. आज हात रिकामे होते, म्हणून कॅलेंडर वाचलं. तिरपुडे किराणा, पद्मनाभपुर, दुर्ग. म्हणजे भिलाईला लागूनच.

तोवर खडीसाखर घेऊन पोचलेल्या सिंधुताईंनीही वाचलं.

"कावून बाप्पा," त्या पडद्याला म्हणाल्या, "तू तं इंदूरले होता ना?"

साहेबांनी डोळे उघडले. मागे पाहिलं. आधी फ्रिज झाकावा की बर्म्युडा, हे त्यांना ठरवता येईना.

"घरूनच करून राहिलो, आई," ते म्हणाले. मोनानं त्यांचं मराठी पहिल्यांदाच ऐकलं. "कंपनीले माहीत नाही."

"मंग हिले कावून पाठवून राहिला तिकडं?"

साहेब बसले. मोनानं पडद्यावरची नावं वरून खालपर्यंत वाचली, शाळा, मार्ग, वेळ, आणि बटण दाबलं. सगळ्या बस आपापल्या रस्त्याला लागल्या.

"इंदूरचं राहू द्या, मॅडम," साहेब कॉलर नीट करत म्हणाले. "तुमचं काम घरूनच बरं चाललंय. तसं लिहून पाठवतो मी."

मोनानं आभार मानले. पण सिंधुताईंचं अजून झालं नव्हतं. त्या कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ गेल्या, की साहेबांना नुसता चष्मा दिसला असेल.

"पद्मनाभपुर काय दूर हाय का रे? रविवारी जेवाले ये. फुलपँट घालून."